अस्वलाची नळी आणि मंत्र्यांचा नारळ

एका जंगलात एक दवाखाना होता. ऐकून बरं वाटलं ना, मुलांनो? घाई करू नका. पुढे ऐका.

दवाखान्यात एक म्हातारं अस्वल पडून होतं. त्याची लघवी अडली होती, म्हणून डॉक्टर लांडग्यांनी त्याला कॅथेटर घातला होता. कॅथेटर म्हणजे नळी. नळीच्या टोकाला पिशवी, आणि पिशवी खाटेला टांगलेली.

एके दिवशी अस्वलाला ताप आला.

"लघवी तपासा," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर खारूताईंनी पिशवीचा खालचा नळ सोडला आणि बाटली भरून घेतली. सगळ्या दवाखान्यात अशीच घेत. खाली वाकायचं, नळ सोडायचा, झालं. पण ती लघवी कालपासून पिशवीत मुरत होती. तिच्यात जंतूंची जत्रा भरली होती. जंतू पिशवीतले की पोटातले, हे बाटली कसं सांगणार?

रिपोर्ट आला. जंतूच जंतू. डॉक्टरांनी औषध दिलं. पुन्हा पिशवी, पुन्हा बाटली, पुन्हा जंतू. औषध आणखी कडक झालं.

"पण डॉक्टर, ताप कधीच उतरलाय माझा," अस्वल म्हणालं.

"तुमचा उतरला असेल आजोबा. रिपोर्टचा उतरला नाही."

आता शेवटचं एक औषध उरलं होतं. त्याने जंतू मरत, पण कान जाण्याची भीती होती. अस्वल हादरलं. त्याच्या डोळ्यांना समोरचं झाड धड दिसत नव्हतं. मधमाश्यांची गुणगुण ऐकूनच ते पोळं शोधायचं. कान गेले की जेवण गेलं.

त्याच जंगलात एक सुगरण होती. घरटी विणायचा घराण्याचा धंदा सोडून ती इंजिनिअर झाली होती, आणि हे ती भेटेल त्याला सांगत असे.

"आजोबा, पिशवीतलं शिळं कशाला तपासायचं?" ती म्हणाली. "ताजी लघवी नळीतच पकडू. हवा लागायला नको, हात लागायला नको."

तिने खरोखरच तसं यंत्र केलं. नळीला बसणारी चिमुकली झडप, झडपेला अडकणारी कुपी, आणि सगळं निर्जंतुक करून पाकिटात बंद. पाकीट फोडायचं आणि लगेच नळीला लावायचं.

"झकास," डॉक्टर लांडगे म्हणाले. "मंत्र्यांची तारीख घेतो."

"तारीख कशाला? आजच लावा की," अस्वल म्हणालं.

"उद्घाटनाशिवाय? मागे एक्स-रेचं मशीन असंच सुरू केलं होतं. मंत्री रुसले. वर्षभर वीज नव्हती."

"पाकीट मात्र उघडू नका हं," सुगरणीने बजावलं.

"मग फोटोत काय दिसणार? पाकीट?"

सुगरण विचारात पडली. फोटोत तीही असणार होती. तिने पिसं सारखी केली.

"बरं. थोडा वेळ उघडा," ती म्हणाली.

आरोग्यमंत्री रानडुक्कर चिखलातून उठून थेट समारंभाला आले. त्यांनी झडपेला हळदकुंकू लावलं. कुपीला झेंडूची माळ घातली. नारळ फोडून त्याचं पाणी सढळ हाताने यंत्रावर शिंपडलं. मग यंत्र पाहुण्यांच्या रांगेतून फिरलं. "काय हलकं आहे हो," असं म्हणत प्रत्येकाने ते दाबून पाहिलं. माकडाने शिट्टी वाजते का, तेही पाहिलं.

शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात ते अस्वलापाशी आलं.

"सिस्टर, निदान दुसऱ्या बंद पाकिटातलं तरी लावा," अस्वल कळवळून म्हणालं.

"असं काय बोलता आजोबा? पूजा केलेलं टाकून बिनपूजेचं लावायचं?" खारूताई म्हणाल्या. आणि त्यांनी ते लावलं.

रिपोर्ट आला. जंतू पूर्वीच्या दुप्पट. शिवाय हळद आणि खोबरं.

"बघा," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "पिशवीला एवढे कधी सापडले होते? याला म्हणतात आधुनिक यंत्र."

सुगरणीला खरं काय ते कळलं होतं. सांगायला ती उठलीसुद्धा. तेवढ्यात मंत्र्यांनी तिच्या अंगावर उत्कृष्ट संशोधकाची शाल घातली. शाल उबदार होती. ती खाली बसली.

अस्वलाला ते शेवटचं औषध दिलं गेलं. पुढचा रिपोर्ट स्वच्छ आला, कारण या वेळी उद्घाटन नव्हतं आणि पाकीट थेट नळीपाशीच फोडलं होतं. यश औषधाच्या नावे जमा झालं आणि अस्वलाला घरी सोडलं.

डॉक्टर त्याला फाटकापर्यंत पोचवायला आले. फाटकावरच्या आंब्याला भलंमोठं पोळं लागलं होतं. माश्यांची गुणगुण रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

अस्वल त्या आंब्याखाली थांबलं. बराच वेळ मान तिरकी करून उभं राहिलं.

"डॉक्टर," त्याने विचारलं, "यंदा माश्या कुठे गेल्या हो?"

डॉक्टरांनी वर बोट दाखवून काहीतरी सांगितलं. अस्वलाला अगदी जवळून त्यांचं तोंड तेवढं हलताना दिसलं.

"हो, हो," ते अदबीने म्हणालं. "तब्येत छान आहे आता." आणि उपाशीच पुढे चालू लागलं.

तात्पर्य: मुलांनो, स्वच्छतेच्या नादी लागू नका, ती फोटोत येत नाही. यंत्र कसंही करा, नारळ मात्र वेळेवर आणा. आणि दवाखान्यात जायचंच झालं, तर घरूनच बहिरे होऊन जा. औषधाला न्यायला काही उरणार नाही, आणि उद्घाटनाची भाषणंही चुकतील.