चारुदत्त वर गेला

"नेतृत्व पार्किंगमध्ये सिद्ध होत नाही, ते डोंगरावर सिद्ध होतं!" असं चारुदत्तने गिरिराज सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभं राहून जाहीर केलं. नवीन पनवेलमधली ही सोसायटी नावाने गिरिराज असली, तरी तिथली माणसं चढ चढत ती फक्त लिफ्ट बंद पडल्यावर. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. कैक वर्षं ती खुर्ची उदयसिंहराव उबवत बसले होते आणि चारुदत्तला ती हवी होती. अगदी झोपेतसुद्धा हवी होती! म्हणून त्याने बेत केला: महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, सर करायचं, वर उभं राहून फोटो काढायचा आणि त्या फोटोवर मतं मागायची.

सोबतीला प्रदीप आणि सुशांत. प्रदीपकडे गाडी होती आणि सुशांतला कुणाला नाही म्हणता येत नसे, एवढीच त्यांची गिर्यारोहणातली पात्रता.

आता आपल्याकडे नगरसेवकाच्या पुतण्याला दात आला तरी फ्लेक्स लागतो, मग शिखराला का नको? कळंबोलीच्या दत्ता फ्लेक्सवाल्याने शनिवारीच तो आणून गेटवर बांधला, कारण रविवारी त्याच्याकडे वाढदिवसांची गर्दी होती. वर 'हार्दिक अभिनंदन!', मध्ये गॉगल लावलेला चारुदत्त, खाली 'कळसूबाई शिखर सर केल्याबद्दल'.

"अरे, पण आपण अजून चढलोय कुठे?" प्रदीपने विचारलं.

"फ्लेक्स लागला म्हणजे चढल्यातच जमा!"

प्रदीप आणि सुशांतची नावं कोपऱ्यात, 'सहकार्य' म्हणून, मुंगीच्या अक्षरात होती. त्यामुळे रविवारी पहाटे निघाल्यावर घाट येईपर्यंत प्रदीपने गाडी प्रत्येक खड्ड्यातून मुद्दाम नेली.

चारुदत्तच्या पाठीवर ही भलीमोठी सॅक! आत दोरखंड, बर्फातलं जाकीट, घडीची खुर्ची आणि बायकोने, म्हणजे कुमुदने, दिलेला थालीपिठांचा डबा. चढ सुरू होऊन जरा वेळ झाला नाही तोच थालीपिठं संपली आणि पहिल्या लोखंडी शिडीशी सुशांतने बसकण मारली.

"माझे गुडघे तुला मत देत नाहीत रे!"

प्रदीप त्याच्या सोबतीला म्हणून बसला आणि टपरीवर कांदाभजी सांगून मोकळा झाला. चारुदत्तच्याही छातीचा भाता झाला होता. पण गेटवर फ्लेक्स फडफडत होता ना!

"बसा तुम्ही! मी वर जातो!" असं म्हणून तो शिडी चढला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

वळणापलीकडे गुणाबाईची झोपडी होती. चुलीवर पिठलं रटरटत होतं.

"दादा, वर नाय जायाचं?"

"जायचंय तर! जरा टेकतो."

टेकला, जेवला आणि घडीच्या खुर्चीत जो घोरायला लागला, तो जाग आली तेव्हा वर गेलेले लोक परत उतरत होते! सोसायटीतून कुणी व्हिडिओ कॉल करायला नको, म्हणून मोबाइल त्याने आधीच बंद केला होता.

दरम्यान शिडीखाली प्रदीपने मित्राच्या प्रेमापोटी सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या: 'चारुदत्त वर गेला. आम्ही दोघे खालीच आहोत. फार दम लागला होता त्याला, पण शेवटपर्यंत हसतमुख होता.' मग क्रिकेटची मॅच बघता बघता त्याच्या मोबाइलने मान टाकली. सुशांतचा मोबाइल त्याआधीच चटणीत बुडाला होता.

इकडे पनवेलला जे झालं, ते चारुदत्तला मागाहून दहा तोंडांनी कळलं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. शेजारच्या हेतलबेन आणि मनिषाताई धावत कुमुदकडे गेल्या. ती कणकेच्या हातांनीच दारात आली.

"वहिनी, चारुभाऊ गेले?"

"हो, पहाटेच गेले. डबासुद्धा घेऊन गेले."

"बिचारीला धक्का बसलाय!" म्हणत दोघींनी तिला मिठी मारली. मग तिला प्रदीपचा निरोप दाखवला. आधी ती हसली. पण नवऱ्याचा फोन बंद, प्रदीपचा बंद, सुशांतचा बंद! दुपार कलली तशी तिचीही खात्री पटली आणि ती खरोखर रडायला लागली.

उदयसिंहरावांनी पार्किंगमध्ये शोकसभा बोलावली. "असा नेता पुन्हा होणे नाही!" हे त्यांनी इतक्या समाधानाने म्हटलं, की काहींना खोकला आला. फ्लेक्स नव्याने छापायला वेळ नव्हता. दत्ताने तयार पट्टी धाडली आणि ती वॉचमनने वरच्या ओळीवर चिकटवली.

परतताना गाडीत चारुदत्त खुलला होता. "काय सांगू, वरून अरबी समुद्र दिसतो! वारा तर असा, की दोन वेळा उडालोच!" फोटोचं विचारताच म्हणाला, "सगळीकडे ढग होते रे." ढगातून समुद्र कसा दिसला, हे विचारायचं सुशांतच्या ओठांवर आलं होतं, पण गाडी गेटपाशी पोचली.

फ्लेक्सवर लिहिलं होतं: 'भावपूर्ण श्रद्धांजली! कळसूबाई शिखर सर केल्याबद्दल.'

खाली अख्खी सोसायटी पांढऱ्या कपड्यांत उभी. गाडीतून उतरणाऱ्या चारुदत्तला बघून कुणीतरी किंचाळलं. गर्दी सारत कुमुद धावत आली. तिचे डोळे रडून सुजले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती आपल्यासाठी अशी रडेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"अहो, सगळे म्हणतात तुम्ही वर गेलात!"

"नाही गं! तुझी शप्पथ, मी वर गेलोच नाही!"

"पण प्रदीपने स्वतः लिहिलंय, वर गेला म्हणून!" उदयसिंहराव पडेल आवाजात म्हणाले. त्यांना अजून आशा होती.

"प्रदीपला काय माहीत? तो शिडीखाली भजी खात बसला होता! मी वळणावरच पिठलं-भाकरी खाऊन झोपलो होतो! वर गेलो असेन, तर तुमचं पायताण आणि माझं डोकं!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

"म्हणजे तो अरबी समुद्र?" प्रदीपने विचारलं.

"मी दुपारपासून रडतेय," कुमुद एकेक शब्द चावत म्हणाली, "आणि तुम्ही पिठलं खाऊन झोपला होतात?"

चारुदत्तने घसा खाकरला. "मित्रहो, या निमित्ताने मी दोन शब्द..."

"थांबा!" उदयसिंहरावांचा आवाज आता चांगलाच फुटला होता. "आम्ही तुमच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभे राहिलो. आता तुम्ही आमच्यासाठी पाच वर्षं गप्प बसा. कोण कोण अनुकूल आहे?"

ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांत पहिला हात कुमुदचा होता.