दुखणं सोनीचं, लंगडणं सर्जेरावांचं

आमच्या गल्लीत सोनीला कुठं दुखतंय हे कळायला सोनीकडं बघायची गरज नाय. तिच्या बापाकडं बघायचं. सर्जेराव लंगडत आले, म्हणजे पोरीला नवी चप्पल चावली. गालाला हात लावून बसले, म्हणजे दाढ तिची ठणकतेय.

"मला कळतंय ना, वहिनी," हे त्यांचं पालुपद. शिक्षा करतानाही तोच घोटाळा. अभ्यास करत नाही म्हणून तिचा मोबाइल काढून घेतला आणि सोबत स्वतःचाही कपाटात कोंबला. तिकडं औरंगपुऱ्यात हे कामाला आहेत त्या कापडदुकानाचा मालक यांना फोन लावून लावून थकला. तिची आई कपाळाला हात लावते. म्हणते, एक लेकरू सांभाळू का दोन?

मागल्या आठवड्यात तिची आई वैजापूरला लग्नाला गेलेली. सोनी सायकलवरून पडली आणि सरळ माझ्याकडं आली. उजवं मनगट टम्म सुजलेलं, डोळ्यांत टिपूस नाय. मी सर्जेरावांना फोन लावायला गेले, तर तिनं मला अडवलं.

"पप्पांना सांगू नका, काकू. मला दुखलं की आधी त्यांनाच सांभाळावं लागतं."

एवढीशी पोर, आणि तिला रडायचीसुद्धा चोरी. फोन तर मी केलाच, आणि पोरीला दवाखान्यात नेलं. सर्जेराव तिथं धापा टाकत आले, आपलंच मनगट धरून. त्यांना दारातच गाठलं आणि पोर काय बोलली ते जसंच्या तसं ऐकवलं. मी आहेच फटकळ, त्याला इलाज नाय.

ते भिंतीला टेकले. मग हळूहळू सांगू लागले. लहानपणी मेंढरांमागं चालताना पायात काटा मोडला, तर त्यांचा बाप मागं वळून बघायचा नाही. मेंढरं थांबत नसतात म्हणायचा. आपल्या लेकराला एकट्यानं दुखणं सोसू द्यायचं नाय, एवढंच यांनी ठरवलेलं.

त्यांनी मनगट सोडलं. आत जाऊन पोरीजवळ ताठ बसले.

"रड बाई. मी हाय इथं."

सोनीनं असं भोकाड पसरलं की नर्स धावत आली. सर्जेराव जागचे हलले नाहीत.

तेव्हापासून माणूस पार बदलला. पोरीचा हात प्लास्टरात, बापाचे दोन्ही हात मोकळे. गल्लीला मेलं करमेना.

काल त्यांच्या दुकानात ब्लाउजपीस घ्यायला गेले. जेवणाची वेळ होती. मागं गठ्ठ्यांच्या आड सर्जेराव डबा उघडून बसलेले. उजवा हात मांडीवर गप ठेवलेला, आणि डाव्या हातानं भाकरी मोडायची धडपड चाललेली. वरण शर्टावर सांडलेलं.

मला बघून ओशाळले.

"सोनीला सांगू नका, वहिनी."