पत्ता ऐच्छिक

"संध्याकाळपर्यंत पडद्यावर एक जरी लाल रेघ दिसली, तर नाव बदलून ठेवा माझं!" सर्वज्ञानं साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. नाव बदलायचं काही शिल्लक नव्हतंच. 'सर्वज्ञ' हे ऑफिसनंच ठेवलेलं!

फर्निचर घरपोच करणाऱ्या त्या कंपनीत टीमप्रमुखाची जागा रिकामी होती. प्रमुखाला उंच पाठीची फिरती खुर्ची मिळायची, आणि ती हल्ली सर्वज्ञाच्या स्वप्नात येऊन फिरत असे. आडवा येत होता तो फक्त कंपायलर. हा प्राणी कोड चालण्याआधीच तपासतो आणि खटकलं तिथं लाल रेघ ओढतो. 'माल पाठवा' हे फंक्शन, म्हणजे माल रवाना करणारा कोडचा तुकडा, जिथं जिथं वापरलं होतं, तिथं त्यानं इतक्या रेघा ओढल्या होत्या, की पडद्याला गोवर आलाय असं वाटावं!

"पत्ता येत नाहीये, असं म्हणतोय तो," कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरबाई म्हणाल्या.

"त्याला सवयच आहे कुरकुरायची!"

सर्वज्ञानं 'पार्शल' काढलं. ही कोडच्या भाषेतली तयार सोय. फंक्शनला द्यायच्या माहितीवर चढवली, की त्यातली प्रत्येक गोष्ट ऐच्छिक. दिली तर दिली! ग्राहकाला नुसता फोन नंबर बदलायचा असेल, तिथं ती शोभतेही. सर्वज्ञानं ती थेट 'माल पाठवा'वरच चढवली. रेघा गायब! साहेब इतके खूश झाले, की त्यांनी आपल्याच साइटवरून प्रमुखाची नवी कोरी खुर्ची मागवली.

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन.

"अहो, कपाट मागवलंत?"

"नाही गं."

"मग पलंग?"

"कसला पलंग?"

"तोच, ज्यावर आई बसलीये! दारात आणखी एक टेम्पो उभा आहे. लवकर या, मी डायनिंग टेबलाच्या पलीकडे अडकलेय!"

सर्वज्ञानं घाईघाईनं कोड उघडून पाहिला. ऑर्डरचं नवं पान पत्ता पाठवायलाच विसरत होतं, आणि कंपायलर बिचारा घसा फोडून तेवढंच सांगत होता. पत्ता नसेल तर माल चाचणीच्या पत्त्यावर जायचा. चाचणीसाठी त्यानं घातला होता स्वतःच्या घराचा!

घरी तो दार अडवून उभ्या असलेल्या कपाटातून शिरला. म्हणजे पुढून आत, मागची फळी काढून बाहेर. स्वयंपाकघरात सासूबाई उंच पाठीच्या फिरत्या खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या.

"जावईबापू, ही मात्र परत द्यायची नाही हं!"

पण द्यावी लागली. प्रमुखपद टेस्टरबाईंना मिळालं, आणि खुर्ची पोचवायचं काम सर्वज्ञाला. भर बाजारातून ढकलत, घामाघूम होऊन त्यानं ती आणली.

बाई ऐटीत बसल्या आणि एका बाजूला कलंडल्या. वाकून त्यांनी खाली पाहिलं, तर दोन चाकं वाटेतच गळालेली.

"सर्वज्ञ, चाकंही ऐच्छिक केलीत का हो?"