मिरची अपात्र ठरते

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की एक वस्तू आहे आणि तिच्यात काहीही बिघडलेले नाही. अशी वस्तू समाजाला फार घातक असते. ती आपली चालत राहते आणि जाणत्या माणसाला तिच्यासाठी काही करता येत नाही. (आता डोळे उघडा. पुढचे वाचायचे आहे.)

अशी एक वस्तू बाळापुरात आठवीतल्या अफिफाने तयार केली. निवृत्त झाल्यापासून मी घराच्या ओसरीवर मुलांना संगणक शिकवतो. तिथे ती येते. तिने कामांच्या यादीचे एक वेबपान लिहिले. एक चौकोन, त्यात काम लिहायचे. एक बटण, ते दाबले की काम यादीत. झालेल्या कामावर बोट ठेवले की त्यावर रेघ. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, तिने एकही घेतली नाही. पान घरच्या फोनवर चाले.

आदल्या वर्षी बोंडअळीने कपाशी खाल्ली होती, म्हणून तिच्या आईने, खुर्शीदबींनी, या उन्हाळ्यात मिरचीची रोपे टाकली होती. घरातल्या सगळ्यांचा जीव त्या वाफ्यांत अडकलेला. शेतीची वीज सकाळी थोडा वेळ येई. तेवढ्यात मोटर लावली नाही, तर रोपे माना टाकत. अफिफा रोज संध्याकाळी फोनवर लिही : ‘मिरचीला पाणी’. सकाळी तिचा मोठा भाऊ वकार ते वाची, मोटर लावी आणि रेघ ओढी. महिनाभरात एकही रोप वाळले नाही. सुधारणेला किती वाव होता, हे यावरून लक्षात यावे.

माझा या विषयातला अधिकार मोठा आहे. गावातल्या लोकांचे पीकविम्याचे, कर्जमाफीचे, बोंडअळीच्या भरपाईचे ऑनलाइन अर्ज मीच फुकट भरून देतो. (त्यांतले काही मंजूरही झाले आहेत.) त्यामुळे आधार क्रमांक न विचारणारे पान मला अंगात सदरा नसलेल्या माणसासारखे दिसते. मी अफिफाला शेजारी बसवले आणि प्रेमाने पुढील सुधारणा करून घेतल्या :

कामाचा प्रवर्ग. ‘इतर’ निवडल्यास कारण.

गट क्रमांक. (गृहपाठ कोणत्या गटात, असे अफिफाने विचारले. तात्पुरता वडिलांच्या सातबाऱ्यावरचा टाकावा, असे ठरले.)

लाभार्थ्याचे नाव. पाण्याच्या कामात लाभार्थी वकार नसून मिरची आहे, हे समजावून सांगायला एक पूर्ण तास गेला, पण शिकवण्यात घाई करू नये.

आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे दुबार लाभास प्रतिबंध. एका लाभार्थ्याला एका कामाचा लाभ एकदाच. दुसऱ्यांदा तेच काम आले, तर पान ते गुपचूप अपात्र यादीत टाकेल आणि मुख्य यादीत फक्त पात्र कामे दिसतील.

“सर, हे काहून?” अफिफाने विचारले.

“गैरप्रकार होतात बेटा,” मी म्हणालो.

तिने लिहिले. पूर्वी एका पडद्यावर मावणारा कोड आता बोट दुखेपर्यंत सरकवावा लागे. लायब्ररी मात्र अजूनही एकही नव्हती, म्हणजे साधेपणाला धक्का लागला नाही.

पहिल्या सकाळी मिरचीला रीतसर पाणी मिळाले. त्या संध्याकाळी अफिफाने सगळे रकाने भरून पुन्हा तेच काम नोंदवले. ‘अर्ज स्वीकारला’, असे उत्तर आले. दुसऱ्या सकाळी ती माझ्या वर्गात आली आणि घरी वकारने फोन उघडला. फोनवर लिहिले होते : ‘आज एकही पात्र काम नाही. अभिनंदन.’ (अभिनंदनाचा शब्द माझा.) वकार किल्ल्याच्या मैदानावर क्रिकेट खेळायला गेला. वीज आली. वीज गेली.

उन्हे चढल्यावर खुर्शीदबी ओसरीशी आल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात एकात एक घातलेल्या रिकाम्या बादल्या.

“सर, माही मिरची वायून राहिली. वकार म्हंते, फोनात कामच नोतं.”

अफिफाने फोन घेतला, अपात्र यादी उघडली आणि मोठ्याने वाचले : ‘लाभार्थी मिरची. कारण, याच कामाचा लाभ पूर्वी मिळालेला आहे.’

पानाने काहीही चूक केलेली नाही, हे मी खुर्शीदबींना शांतपणे समजावले. उलट नियम किती काटेकोर पाळला गेला ते पाहा, म्हणालो. तरीही लाभार्थ्यावर अन्याय झाला असे वाटत असेल, तर अपिलाची सोय करता येईल. तीस दिवसांत निकाल.

“तवरोक मिरची थांबन का, सर?”

हा मुद्दा विचार करण्याजोगा होता. मी तो वर्गापुढे मांडला. काम अपात्र ठरताच फोनवर नुसती घंटी वाजली असती तर? अपात्र कामे लाल रंगात दिसली असती तर? वाचता वाचता तुमच्याही मनात अशी एखादी सुधारणा येऊन गेली असेल, तर हात वर करा. लाजू नका. वर्गातल्या सगळ्यांचे हात वर होते, माझा सर्वांत उंच.

अफिफाने कोणालाही बोलायला सांगितले नाही. तिने आईच्या हातातल्या बादल्या एकमेकींतून सोडवल्या आणि वर आलेल्या एकेका हातात एकेक अडकवत निघाली. (तुमचा हात खाली घेऊ नका. ती अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेली नाही.)