गुरुवारी आलेला विजयाचा केक

मनात आहे ते मुखाने न उच्चारणे हा काही प्रसंगी संयम असतो, काही प्रसंगी शिष्टाचार असतो, आणि क्वचित प्रसंगी निव्वळ लबाडी असते. या तिहींमधील सीमारेषा ज्यांना निश्चित ठाऊक असावी असे साऱ्या वेदानो गावाला वाटे, ते निवृत्त लॅटिनशिक्षक एजिदिओ रिबोल्दी हेच त्या रेषेवर पाय घसरून पडले. त्यांना नम्रतेचे पुण्य आणि भविष्यवेत्त्याचा मान ही दोन्ही फळे एकाच पदरात हवी होती. पदर तेवढा रुंद नव्हता.

वेदानो हे गाव मोंझाच्या विस्तीर्ण उद्यानाला खेटून वसलेले आहे. उद्यानाच्या भिंतीपलीकडे मोटारशर्यतींची जुनी, वेगवान धावपट्टी. सप्टेंबर उजाडला की गावातल्या कपाटांमधल्या ताटवाट्या इंजिनांच्या आवाजाने आपोआप किणकिणू लागतात. शर्यतीच्या आदल्या गुरुवारी चर्चच्या सभागृहात सॉसेज घातलेला केशरी भात शिजतो, आणि तो जेवून झाला की रिबोल्दी मास्तर व्यासपीठावर उभे राहून येत्या शर्यतीचे भाकीत सांगतात. कोणत्या गाडीचे पंख किती पातळ, लांब सरळ रस्त्यावर पुढच्याच्या पाठीशी चिकटून वारा कसा चुकवावा, लेस्मोच्या वळणावर कोणाचे धैर्य खचेल, हे सारे ते अशा गांभीर्याने उलगडतात की जणू एखाद्या प्राचीन युद्धाचे वर्णन चालले आहे. शेवटचे वाक्य मात्र वर्षानुवर्षे एकच असते: "तात्पर्य, यंदा लाल गाडीला काहीही आशा नाही." या वाक्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो. कारण गावाची लाडकी लाल गाडी जिंकणार असे जो उघड बोलेल त्याची तिला दृष्ट लागते, हे वेदानोत पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असते. मास्तरांसारखा जाणता पुरुष भरसभेत "आशा नाही" म्हणतो, म्हणून तर आशा शाबूत राहते.

यंदा मात्र मास्तरांना खरोखरच खात्री वाटत होती. गेल्या काही शर्यतींत सरळ रस्त्यावर लाल गाडीला गाठणारे कोणी उरले नव्हते. आणि त्या खात्रीने त्यांच्या मनात एक सूक्ष्म लोभ उत्पन्न केला. रविवारी विजय मिळाला की आपण शांतपणे पेटीचे झाकण उघडावे, आत सिद्ध असलेला केक दाखवावा, आणि केवळ मंद हसावे. मग लोक म्हणतील, मास्तरांना ठाऊक होते! या एका हास्यासाठी त्यांनी पत्नीलाही न कळवता कोझिमो बेकरीवाल्याकडे चाळीस माणसांना पुरेल असा केक सांगून ठेवला. शिळा पाव दुधात भिजवून, कोको आणि बेदाणे घालून करतात तो इकडचा काळा, विटेसारखा जड केक. वर लाल साखरेने अक्षरे काढायची: "जिंकलो!"

कोझिमो नुकताच दक्षिणेतून, पुल्यातून आला होता. त्याचे दैवत सायकलशर्यत होते. मोटारींच्या पापपुण्याची त्याला कल्पना नव्हती.

त्या गुरुवारी मास्तर शेवटच्या वाक्यापाशी पोहोचले. "तात्पर्य," ते म्हणाले, "यंदा लाल गाडीला..."

दार ढकलून कोझिमो आत आला. त्याच्या हातांत दाराएवढी पेटी होती.

"माफ करा हं मास्तर, मध्येच आलो. रविवारी तुमचे रस्ते बंद, पोलीस माझी व्हॅन सोडत नाहीत. म्हटलं आजच देऊन टाकावा. खराब नाही होत, उलट मुरतो!"

पेटी त्याने पुढच्याच टेबलावर ठेवली. तिथे बसला होता गालिम्बेर्ती न्हावी, मास्तरांचा जुना विद्यार्थी, लॅटिनमध्ये दोनदा नापास झालेला. त्याने झाकण उचलले.

लाल साखरेची अक्षरे साऱ्या सभागृहाला दिसली. अशुभ टाळायला लोखंडाला हात लावावा म्हणून पुरुषांचे हात खिशातल्या किल्ल्यांकडे गेले. ज्यांच्या खिशात किल्ल्या नव्हत्या त्यांचे हात अशा ठिकाणी गेले की ज्याचा उल्लेख चर्चच्या वास्तूत करू नये. खुद्द फादर लिनो टेबलाचा लोखंडी पाय घट्ट धरून बसलेले आढळले.

"मास्तर, हे काय?" गालिम्बेर्तीने विचारले.

"केक."

"ते दिसतंय. जिंकलो म्हणजे कोण जिंकलो?"

"तो... तो औसिलियाच्या वाढदिवसाचा आहे," मास्तर म्हणाले.

तिसऱ्या रांगेतून त्यांच्या पत्नीचा स्वर आला. "माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो, एजिदिओ. लग्न झाल्यापासून त्याला कधी केक आला नाही, म्हणून तुला आठवत नसेल."

"म्हणजे वाढदिवसाचा नव्हे. ती पत्त्यांत जिंकली, त्याचा."

"कुणाशी जिंकली?"

संकटात सापडलेल्या मनुष्याच्या मुखी देवाचे नाव येते. मास्तरांच्या मुखी देवाच्या सेवकाचे आले. "फादर लिनोंशी."

शंभर माना वळल्या. फादर लाल झाले. "मी पत्ते खेळत नाही, एजिदिओ. निदान माझ्या बिशपसाहेबांच्या कानावर जाईल इतके तरी खेळत नाही."

असत्याचा साठा तिथे संपला. मास्तरांनी डोळे मिटले आणि ध्वनिक्षेपकात, स्वच्छ उच्चारांत ते सांगून टाकले: "केक मी मागवला. मला वाटतं, रविवारी आपण जिंकणार."

भाताची बशी कोणाच्या तरी हातून सुटून खळ्ळकन फुटली. एक म्हातारी रडू लागली.

मग केकचे काय करावे यावर वाद पेटला. "खाऊन टाका आत्ताच," एक म्हणाला. "न जिंकता जिंकल्याचा केक खायचा? मग रविवारी काय, ताटं चाटायची?" दुसरा म्हणाला. "फेकून द्या!" "विजय फेकतोस? घरी सांगून आलायस का?" अखेर फादरांनी निर्णय दिला की केक खाऊही नये, टाकूही नये, तो शीतकपाटात ठेवून वर वेदीवरचे जुने कापड घालावे.

शुक्रवारच्या सरावात लाल गाडी शेवटच्या मोठ्या वळणावर घसरून खडीत रुतली. शनिवारी क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांत ती सहावी आली. मास्तर दाढी करायला गेले तेव्हा गालिम्बेर्तीने दारातच हात आडवा केला.

"आज नको, मास्तर. हातात वस्तरा आहे आणि मनात केक आहे."

"गालिम्बेर्ती, मी तुला शाळेत शिकवलं आहे ना, की या सगळ्या अंधश्रद्धा आहेत?"

"शिकवलंत. मी नापास झालो." तो थोडा थांबला. "तुम्हाला एक सांगू? दरवर्षी तुम्ही 'आशा नाही' म्हणायचात ना, तेव्हा मी बायकोला सांगायचो, बघ, हा माणूस आपल्यापेक्षा जास्त प्रेम करतो त्या गाडीवर, पण गावासाठी स्वतःची आशा गिळतो. आणि तुम्ही आतून आम्हाला हसत होतात."

आरोप खरा होता. मास्तर उद्यानाच्या भिंतीकडेने घरी निघाले. दृष्ट वगैरे काही असत नाही, याविषयी त्यांच्या बुद्धीला आजही शंका नव्हती. लाज निराळ्याच गोष्टीची वाटत होती. इतकी वर्षे गावाने त्यांना जो मान दिला तो एका त्यागासाठी दिला, आणि तो त्याग त्यांनी कधी केलाच नव्हता. ते केवळ एक वाक्य पाठ म्हणत आले होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना मनातल्या मनात भोळे ठरवत आले होते.

घरी फादर लिनो आणि गावातली दोन वडीलधारी माणसे बैठकीत बसलेली होती.

"एजिदिओ," फादर मृदू स्वरात म्हणाले, "उद्या तू इथं नसलेला बरा."

मास्तरांचा चेहरा उतरला. वडिलांनी खांद्यावर बसवून पहिली शर्यत दाखवली तेव्हापासून शर्यतीचा एकही रविवार त्यांनी चुकवला नव्हता. वडील निवर्तले त्या वर्षीसुद्धा काळी फीत लावून ते लेस्मोच्या वळणावरच्या झाडाखाली उभे होते. "किती लांब जाऊ?" त्यांनी विचारले.

"इंजिनांचा आवाज पोचणार नाही इतकं. लोदी बरं. तिथं तुझी मेव्हणी आहे."

"ओर्तेन्सिया? शर्यत लागली की ती टीव्हीवर चादर टाकते!"

"म्हणूनच लोदी."

"आणि केक?"

"तोही जाईल," फादर म्हणाले. "विशेषतः तो."

रविवारी सकाळी मोंझाच्या स्थानकावर लाल सदऱ्यांचे लोंढे उतरत होते, आणि त्या लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने दोन वृद्ध माणसे एक प्रचंड पेटी दोन बाजूंनी धरून आगगाडीत चढत होती. "शर्यत तिकडं आहे, आजोबा!" एक तरुण ओरडला. मास्तरांनी मान खाली घातली.

"बघ," औसिलियाबाई पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आपण दोघं कुठंतरी निघालो. केकच्या निमित्तानं का होईना."

लोदीला ओर्तेन्सियाने दार उघडले. "केक? कोण जिंकलं?"

"अजून कोणी नाही."

"मग आणलात कशाला?"

"त्याला आणि मला गावातून काढून टाकलंय," मास्तर म्हणाले.

शर्यत सुरू होण्याची वेळ टळली. टीव्हीवर फुलाफुलांची चादर होती. भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कशाचाच आवाज नव्हता. शर्यतीच्या दिवशी अशी शांतता मास्तरांनी जन्मात अनुभवली नव्हती. तिला काहीतरी उत्तर द्यावे म्हणून त्यांनी सुरी घेतली, कडेचा एक तुकडा कापला आणि खाल्ला. आपल्या गर्वाची चव कशी असते ते तरी कळावे. ती बरी होती, थोडी कोरडी.

तोच भ्रमणध्वनी वाजला. मागे लाखभर लोकांचा गदारोळ आणि पुढे गालिम्बेर्ती.

"मास्तर! आत्ता, या क्षणाला तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. केकचा तुकडा खाल्ला."

पलीकडे इंजिने गरजली. "पाचवा झाला! तुम्ही खाल्लात आणि आपला लाल गाडीतला पोरगा पाचवा झाला! आणखी एक खा!"

"गालिम्बेर्ती, कार्यकारणभाव म्हणून एक..."

"मास्तर, शाळेत मी तुमचं ऐकायचो, आज तुम्ही माझं ऐका. आता तोंड उघडा!"

मास्तरांनी खाल्ले. पोरगा चौथा झाला. दया येऊन औसिलियाबाईंनी एक तुकडा स्वतः घेतला, तर पलीकडून किंकाळी आली: "घसरला! पुन्हा पाचव्यावर घसरला! कुणी खाल्ला? बाईंनी? बाईंना थांबवा! तुम्हीच खा!"

मास्तर खात राहिले. तो केक विटेसारखा होता, आणि मास्तर क्षणाक्षणाला भिंतीसारखे होत चालले होते. ओर्तेन्सिया कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझ्या घरात मरू नका एवढंच," ती म्हणाली. आणि मग, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, तिने टीव्हीवरची चादर किंचित वर केली.

"टायर बदलायला आत येतोय," गालिम्बेर्ती म्हणाला. "तुम्हीही एवढ्यात पाणी पिऊन घ्या. लवकर! निघाला! खा!"

शेवटच्या फेरीत लाल गाडी पहिल्या गाडीच्या पाठीला चिकटली होती. "मास्तर, लांब रस्ता आला! काहीतरी करा! बोला काहीतरी!" पण मास्तरांच्या तोंडात सर्वांत मोठा घास होता. "आशा आहे" असेही त्यांना म्हणता येईना, "आशा नाही" असेही म्हणता येईना. मोंझाच्या शर्यतीविषयी त्यांचे अवघे पांडित्य त्या एका क्षणी कोको आणि बेदाण्यांखाली गाडले गेले होते. ते केवळ डोळे मिटून बसले आणि त्यांनी मनापासून, कोणालाही ऐकू जाणार नाही अशी, एका लहान मुलाची इच्छा केली.

मग भ्रमणध्वनीतून "जिंकलो!" असा जो आवाज उसळला त्याने ओर्तेन्सियाच्या खिडक्या थरथरल्या. चादर जमिनीवर पडली होती, आणि ओर्तेन्सिया खुर्चीवर चढली होती.

संध्याकाळी मोंझाच्या स्थानकावर सारे वेदानो लोटले होते. लोकांनी मास्तरांना खांद्यावर घेतले. "हळू, पोट दाबू नका," एवढेच ते बोलू शकले. खाली उतरल्यावर त्यांनी गालिम्बेर्तीचा हात धरला. "मी तुम्हाला हसत होतो ते खरं आहे. मला क्षमा कर."

"आम्हाला काय माहीत नव्हतं होय?" न्हावी म्हणाला. "काल रागात होतो, सोडा ते. 'आशा नाही' म्हणताना तुमचे कान लाल व्हायचे, मास्तर. सगळं सभागृह तुमचे कान बघायला यायचं."

मास्तरांचे कान आताही लाल झाले. "मग पुढच्या वर्षी मी माझ्या झाडाखाली..."

"पुढच्या वर्षी लोदी," गालिम्बेर्ती नम्रतेने पण ठामपणे म्हणाला. मागून फादरांनी मान डोलावली. "आणि त्याच्या पुढच्याही. चालतं आहे ते कशाला मोडायचं?"

कोझिमो गर्दीतून पुढे सरला. "ऑर्डर मी घेऊन ठेवलीय, मास्तर. यंदाच्यापेक्षा मोठा करतो!"

औसिलियाबाईंनी रिकाम्या पेटीचे झाकण लावले. "आणि फेब्रुवारीत?" त्यांनी एवढेच विचारले.

मास्तरांनी पत्नीकडे पाहिले. मग ते कोझिमोच्या कानाशी वाकले.

ज्यांनी त्यांना घालवले त्या गावकऱ्यांना, ज्याने केक भाजला त्या परक्या मुलुखातल्या माणसाला, आणि ज्यांनी आपला गर्व घासाघासाने पोटात घातला त्या मास्तरांना परमेश्वर सुखात ठेवो. आणि औसिलियाबाईंचा केक फेब्रुवारीत त्यांच्या दारी येवो: नेमक्या दिवशी, एक दिवसही आधी नाही.