खात्याप्रमाणे परदेशात

"परत आलेल्या माणसाला परतूच द्यायचं नाही, असा हा कट आहे! माणसापेक्षा कागद मोठा मानता, लाज वाटू द्या जरा!"

हे सुधारक बँकेतल्या काउंटरच्या काचेला म्हणाला. (सुधारक हे नाव बायकोनं ठेवलेलं, आणि कौतुकानं नव्हे.) परदेशातली नोकरी सोडून तो वर्षापूर्वी कायमचा परतला होता, पण बँकेला कळवायचं राहूनच गेलं. त्यामुळे त्याचं खातं अजून अनिवासी होतं, आणि त्यावर बायकोला बरोबरीनं सही करता येत नव्हती. तिला दवाखान्यासाठी जागा घ्यायची होती. करार सोमवारी दुपारी, आणि जागेवर दुसरं गिऱ्हाईक टपून बसलेलं.

"अहो, पण मी इथे उभा आहे ना?"

"दिसताय," काचेमागच्या बाई म्हणाल्या, "पण नियमानं तुम्ही परदेशात आहात. अर्ज द्या. आमचा माणूस घरी येऊन खात्री करेल, मग खातं निवासी होईल."

आता घरी एक बारीकशी भानगड होती. परतल्या परतल्या सुधारकानं इमारतीच्या सभेत भाषण ठोकलं होतं, "मी बदल घडवायला आलोय!" चेअरमनकाकांनी तो बदल गच्चीवरच्या टाकीपासून सुरू करायचं ठरवलं. टाकी साफ करून घेण्याचं काम गळ्यात पडणार म्हटल्यावर सुधारकानं आईला पढवून ठेवलं, "कुणीही आलं तरी सांग, तो परदेशी गेलाय." (समाज बदलायला तो केव्हाही तयार होता, टाकी फारच जवळ होती.) बँकेचा माणूस येणार, हे मात्र आईला सांगायला तो साफ विसरला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. सुधारक न्हाणीघरात, डोक्याला साबण.

"चिरंजीव इथेच राहतात का?" बँकेच्या माणसानं विचारलं.

"छे हो, तो परदेशी असतो."

"परतले असा अर्ज आहे."

"कुठला परततोय!" आईनं डोळे टिपले. "वर्षभर तोंड दिसलं नाही लेकराचं."

सुधारक टॉवेल सावरत, फेसासकट बाहेर धावला. "मी इथेच राहतो!"

"हे कोण?"

आई दिल्या शब्दाला जागली. "हा? पाहुणा आहे. उद्या जाईल."

"आई, अगं बँकेचे आहेत हे!"

"तू गप्प बैस. सगळे असंच सांगून आत येतात."

तेवढ्यात बायको आतून आली. "दादा, हे इथेच राहतात."

"कशावरून?"

"वर्षभर माझा टॉवेल ओला असतो, त्यावरून."

बँकेचा माणूस हसला. "वहिनी, घरातच दोन मतं आहेत. शेजारचं कुणी लिहून देईल?"

बायको तडक समोरच्या दारावर गेली आणि चेअरमनकाकांना घेऊन आली.

"अरे वा," काका फेसाकडे पाहत म्हणाले, "विमान कधी उतरलं?"

"काका, सही करा ना. हिचा दवाखाना अडलाय."

"सूनबाईसाठी करतो. पण टाकीचं काय?"

सुधारकानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं गच्चीकडे पाहिलं.

"उद्याच करतो," सुधारक म्हणाला. डोळ्यात साबण गेला होता, म्हणून बरं.

काकांनी सही ठोकली. बँकेच्या माणसानं कागद पिशवीत घातले आणि चपला घालता घालता बायकोला म्हणाला, "सोमवारी बँक उघडताच काम होईल, वहिनी. फक्त खात्यावर पहिलं नाव तुमचं टाका. आमचं पत्र आलं तर घरात कुणीतरी सापडायला हवं."