पडद्यामागचा ओढा

योहेईने ठरवलं होतं ते एवढंच, की सासूबाईंसाठी एक बटण घेऊन जायचं.

बटण काडेपेटीएवढं, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचं. दाबलं की पंचवीस सेकंद ओढा वाहिल्याचा आवाज येतो. आपला आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बायका संडासात गेल्या की आधी असलं बटण दाबतात आणि मगच पुढच्या कामाला लागतात. (पुरुषांना त्याची गरज का वाटत नाही, यावर योहेईची बायको मासुमी हिचं स्वतंत्र मत आहे.)

बटणाची वेळ आली यंत्रामुळे, आणि यंत्र आलं योहेईमुळे. तो नगरपालिकेच्या सांडपाणी विभागात सव्वीस वर्षं कारकून होता. कागद समोर आला की शिक्का मारायचा, ही सवय हाडात मुरलेली. सासूबाईंचं, तोयोनोबाईंचं, कंबरेचं हाड मोडून ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलने एक नवं यंत्र वापरून बघण्यासाठी संमतीचा कागद पुढे केला. योहेईने सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारला आणि मग कागद वाचला.

यंत्र मात्र हुशार होतं. अंथरुणातून हलता न येणाऱ्या पेशंटला खालून एक मऊ भांडं लावायचं, भांड्याला जाड नळी, नळी पलंगाखालच्या पेटीत. झालं की यंत्राला आपोआप कळतं. ते सगळं ओढून घेतं, कोमट पाण्याने धुतं, गरम वाऱ्याने वाळवतं. इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. पण शेवटी ते बोलायचं. म्हाताऱ्या माणसांना ऐकू यावं म्हणून चांगलं खणखणीत बोलायचं, "फार श्रम घेतलेत! आभारी आहोत!"

पहिल्या दिवशी नर्सने ते वाक्य नुसतं वाजवून दाखवलं, आणि तोयोनोबाईंनी त्या क्षणापासून पोटाला कुलूप लावलं.

आज पाचवा दिवस होता.

"उद्या सकाळपर्यंत काही झालं नाही," डॉक्टर म्हणाले होते, "तर शनिवारी घरी सोडता येणार नाही. आणखी दोन आठवडे तरी."

दोन आठवड्यांत परसातल्या झाडावरची पर्सिमनची फळं पिकून गळली असती. ती सोलून, दोरीला बांधून वळचणीला वाळत टाकणं हे तोयोनोबाईंचं दरवर्षीचं काम. एक्क्याऐंशीव्या वर्षीही सोलायचा सुरा त्यांनी कुणाच्या हातात दिला नव्हता. आता पडल्या पडल्याच सोलणार होत्या. "मासुमीने सोललं की सालीलाच जास्त फळ असतं," असं त्या लेकीसमोरच म्हणत.

योहेई अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन वाजता वॉर्डात पोचला. चार खाटा, चार पडदे. पडदे असे पातळ, की शेजारणीने सुस्कारा टाकला तरी कुणाच्या नावाने टाकला ते कळावं.

"आई, हे बघा काय आणलंय." त्याने बटण दाबून दाखवलं. ओढा खळखळला.

तोयोनोबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "किती वेळ चालतो?"

"पंचवीस सेकंद."

"पाच दिवसांचं पंचवीस सेकंदांत? मला काय आगगाडी पकडायचीय?"

"मी बाहेर उभा राहून परत परत दाबतो ना."

"जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी सार्वजनिक न्हाणीघर चालवलं. अख्खं गाव माझ्यासमोर कपडे काढून आत गेलं. पण माझा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही. मध्ये खंड पडला तर बघ."

"नाही पडणार, आई."

"पडदा नीट ओढ. आणि तोंड तिकडे."

योहेई पडद्याबाहेर, पडद्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने बटण दाबलं. ओढा वाहू लागला. चोविसाव्या सेकंदाला त्याने पुन्हा दाबलं. सातव्या खेपेपर्यंत सगळं सुरळीत होतं.

आठव्या खेपेला खिडकीजवळच्या ओकुमुराबाईंनी घंटा वाजवली. पाठोपाठ दाराजवळच्या बाईंनी. मग तिसरीनेही.

हिराबायाशी सिस्टर धावत आल्या. "काय झालं?"

"माफ करा हं सिस्टर," ओकुमुराबाई म्हणाल्या, "आत्ताच तर जाऊन आले होते. पण हे पाणी वाहतंय ना एकसारखं..."

"मलाही," दाराजवळून आवाज आला. "आणि मला जरा आधी घ्या, मला थांबवत नाही."

सिस्टर कमरेवर हात ठेवून योहेईपुढे उभ्या राहिल्या. "अहो, ते बंद करता का?"

"फार माफी मागतो," योहेई वाकून म्हणाला आणि वाकल्या वाकल्या त्याने बटण दाबलं. "पण बंद करता येणार नाही."

"सकाळपासून तिघींची चादर कोरडी ठेवलीय मी!"

"फार माफी मागतो." दाबलं.

सिस्टर आणखी दोन नर्सना घेऊन भांडी आणायला पळाल्या. जाताना योहेईकडे त्यांनी असं बघितलं, की नगरपालिकेत नळाला पाणी न आलेले लोकही तसं बघत नाहीत. तो घामाघूम झाला. सोळाव्या खेपेला ओढ्याचा आवाज घोगरा झाला. सतराव्याला ओढा आटला. त्याने बटण दाबलं, हलवलं, तळहातावर आपटलं. बॅटरी संपली होती.

वॉर्डात अशी शांतता पसरली, की सलाइनचे थेंब ऐकू यावेत.

"योहेई!" पडद्यामागून दात आवळलेला आवाज आला. "बंद का केलास? आत्ता? आत्ता बंद केलास?"

सांडपाण्याचा सव्वीस वर्षांचा अनुभव पाठीशी असलेला माणूस अशा वेळी काय करेल? योहेईने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि म्हणाला, "खळखळखळ... झुळझुळझुळ... खळखळ..."

"मोठ्याने," पडदा म्हणाला.

"खळखळखळखळ! सर्रर्र! झुळझुळ!"

नेमकी त्याच वेळी मासुमी आईचे धुतलेले कपडे घेऊन दारात आली. तिला दिसलं ते असं, की आपला नवरा ऑफिसच्या कपड्यांत, डोळे मिटून, बायकांच्या वॉर्डाच्या मधोमध ओढा झाला आहे.

"अहो!"

"खळखळ," योहेईने हातानेच थांब म्हणून सांगितलं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला? इकडे बघा! सिस्टर, ह्यांना काय झालंय?"

"झुळझुळ... आई... खळखळ... शनिवार... सर्रर्र!"

"घरी नळ गळतो तो बघायला वेळ नाही, आणि इथे नळ होऊन उभे आहेत!" मासुमीने कपड्यांची पिशवी खाली आपटली.

आणि पलंगाखालची पेटी घरघरली. ओढून घेतलं. धुतलं. गरम वारा सुटला. योहेई थांबला. त्याचा घसा कोरडा पडला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. पाच दिवसांची लढाई जिंकली होती, तीही गुपचूप, सासूबाईंच्या अब्रूला धक्का न लागता.

"फार श्रम घेतलेत!" यंत्र खणखणीत म्हणालं. "आभारी आहोत!"

आता, ऑफिसात रोज संध्याकाळी साडेपाचला घरी निघताना हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच, बाकीच्यांनी ते परत म्हणायचं असतं, आणि ते कानावर पडलं की सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. योहेई गर्रकन वळला, पडद्यासमोर कमरेत काटकोनात वाकला आणि गरजला, "तुम्हीही फार श्रम घेतलेत!"

ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

 मग असं वाक्य कानावर पडल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून खिडकीजवळून ओकुमुराबाई नम्रपणे म्हणाल्या, "तोयोनोबाई, फार श्रम घेतलेत हो." दाराजवळचा पडदा म्हणाला, "फारच श्रम घेतलेत." तिसरीही म्हणाली. भांडी घेऊन परतलेल्या सिस्टरही सवयीने म्हणाल्या.

 योहेई तसाच वाकून उभा होता, कारण सरळ व्हायची त्याची हिंमत होईना.

शेवटी आतून आवाज आला, अगदी बारीक, पण न्हाणीघराच्या मालकिणीला शोभेल असा. "तुम्हा सगळ्यांच्या कृपेने." आणि मग, "मासुमी, सुऱ्याला धार लावून ठेव. आणि ह्या माणसाला आधी बाहेर ने."

शनिवारी डॉक्टरांनी घरी सोडण्याचा कागद पुढे केला. योहेईने खिशातून शिक्का काढला आणि खाली उमटवला. मग वाचला.

'यंत्र: घरी चालू ठेवावे,' असं लिहिलं होतं. त्याखालच्या ओळीत, त्याच स्वच्छ अक्षरात, 'जावई: यंत्रासोबत, दिवसातून एकदा, न्याहारीनंतर.'